माहेरचे नाव

संघ कसे मरतात याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. माणसे गेली की मृत्युलेख येतात, नियतकालिके बंद पडली की परिसंवाद होतात. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली, तिच्यावर आजही एखादी विद्यार्थिनी लघुप्रबंध लिहायला घेते आणि आम्ही तिला संदर्भ काढून देतो. खेळाडूंचा संघ मात्र मोडला की त्याचे आकडे कोठल्यातरी तक्त्यात जमा होतात आणि विषय मिटतो. आम्ही ज्या संघाविषयी लिहिणार आहोत तो हरला म्हणून संपला नाही, पैसा आटला म्हणून संपला नाही, की प्रेक्षक फिरकेनासे झाले म्हणूनही नाही. स्त्रियांच्या क्रिकेटचे भले करायचे ठरले, म्हणून तो संपला. हे वाक्य आम्ही उपरोधाने लिहिलेले नाही. भले खरोखरच झाले, आणि गोष्ट अवघड होते ती तेथेच.

या संघाचे नाव वेस्टर्न स्टॉर्म. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील स्त्रियांचा हा प्रादेशिक संघ २०१६ साली निर्माण झाला आणि २०२४ चा मोसम संपताच इतिहासजमा झाला. आयुष्य उणेपुरे नऊ मोसमांचे. आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका, क्रिकेट काही आमच्या अभ्यासक्रमात नाही. पण आमच्यापैकी एक सांगली जिल्ह्यातली आहे आणि दुसरी विद्यार्थिदशेत यष्टिरक्षण करीत असे. एवढ्या दोन धाग्यांवर आम्ही २०१८ च्या उन्हाळ्यापासून या परक्या संघात गुंतलो, त्या गुंत्याला आता काही वर्षे झाली.

प्रथम नावाविषयी. किया सुपर लीग ही सहा संघांची वीस षटकांची स्पर्धा इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने २०१६ मध्ये सुरू केली. सहांपैकी चार संघांच्या नावात गावाचा नाहीतर काउंटीचा उल्लेख होता: सरे स्टार्स, लँकेशायर थंडर, यॉर्कशायर डायमंड्स, लफबरो लाइटनिंग. उरलेल्या दोघांना स्थळाऐवजी दिशा मिळाली. एक सदर्न व्हायपर्स आणि दुसरा आमचा वेस्टर्न स्टॉर्म, म्हणजे पश्चिमेचे वादळ. कारण सरळ होते. या संघाचे पालकत्व सॉमरसेट काउंटी, ग्लॉस्टरशायर काउंटी आणि एक्सेटर विद्यापीठ अशा तिघांकडे मिळून होते. कोणा एकाचे नाव द्यावे तर दुसरा रुसणार, म्हणून दिशेवर तडजोड झाली.

दिशा हे नाव होऊ शकते का? आपल्याकडे ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हटले की ऊस, साखर कारखाने, तालमी आणि एक विशिष्ट हेल डोळ्यांपुढे व कानांपुढे येतो. एकेकाळी तीही नुसती दिशाच असणार, वापरून वापरून तिचा प्रदेश झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेश उभा केला, श्री. ना. पेंडसे यांनी कोकणची पट्टी उभी केली. तो प्रदेश नकाशावर आधी होताच, वाचकाच्या मनात मात्र तो शब्दांनी वसवावा लागला. वेस्टर्न स्टॉर्मलाही हेच करायचे होते, फरक इतकाच की शब्दांऐवजी धावांनी. समितीच्या बैठकीत जन्मलेल्या एका दिशेला मुलींनी खेळून खेळून गाव करायचे होते. ते झाले, आणि नऊ वर्षांत झाले, असे आमचे मत आहे.

पश्चिमेकडे स्त्रियांचे क्रिकेट या संघापासून सुरू झाले असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील विमेन्स क्रिकेट असोसिएशन ही स्त्रियांनी स्वतः चालवलेली संघटना १९२६ सालची. तिच्या आधिपत्याखाली १९८० च्या दशकात विभागवार स्पर्धा होत असे आणि तीत ‘वेस्ट’ नावाचाच एक संघ असे. शतक पालटताना विभागांची जागा काउंट्यांच्या संघांनी घेतली आणि तो ‘वेस्ट’ विरून गेला. म्हणजे ही दिशा एकदा नांदून, मोडून, पुन्हा मांडली गेली होती. २०१६ च्या उद्घाटनाच्या उत्साहात त्या जुन्या ‘वेस्ट’चे स्मरण कितीजणांना झाले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

स्टॉर्मची कर्णधार हेदर नाइट ही डेव्हनची, आन्या श्रबसोल ही बाथची. म्हणजे कणा स्थानिक होता, आणि त्याला बाहेरून आलेल्यांची जोड होती. पहिल्याच मोसमात जमैकाची स्टेफानी टेलर स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तेथे सदर्न व्हायपर्सकडून हरला. पुढच्या वर्षी, २०१७ च्या सप्टेंबरच्या १ तारखेला होव्ह येथे, त्याच व्हायपर्सना हरवून स्टॉर्मने चषक घेतला. न्यूझीलंडच्या रेचल प्रीस्टने त्या दिवशी ३६ चेंडूंत ७२ धावा काढल्या. संघांची ही जोडी पुढेही एकमेकींच्या वाटेत येत राहिली. दोन दिशांचे वैर, दुसरे काय!

पण या संघाचा प्राण आम्हांला दिसतो तो टॉन्टनच्या मैदानात.

टॉन्टन हे सॉमरसेटमधील तसे आटोपशीर गाव. पुरुषांच्या क्रिकेटमुळे ते मराठी वाचकाला ठाऊक असते. सुनील गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटकडून खेळले. १९९९ च्या विश्वचषकात सौरव गांगुली आणि राहुल द्रविड यांनी श्रीलंकेविरुद्ध ३१८ धावांची भागी केली ती येथेच, आणि ती आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. तोंडपाठ नाही ते वेगळेच. ऑगस्ट २००२ मध्ये याच मैदानावर मिताली राजने इंग्लंडविरुद्ध कसोटीत २१४ धावा केल्या, त्यावेळी तो स्त्रियांच्या कसोटी क्रिकेटमधील विक्रम होता. चार वर्षांनी, २००६ च्या ऑगस्टअखेरीस, मितालीच्याच नेतृत्वाखाली भारताने येथे इंग्लंडला पाच गडी राखून हरवले आणि इंग्लंडमधील पहिली कसोटी मालिका जिंकली. झूलन गोस्वामीने त्या सामन्यात ७८ धावांत १० बळी घेतले. त्याच वर्षी इंग्लंडच्या मंडळाने टॉन्टनला स्त्री-क्रिकेटचे अधिकृत घर म्हणून मान दिला. यजमानांनी घराला पाटी लावावी आणि पाहुण्यांनी त्याच वर्षी मालिका जिंकून न्यावी, असा तो योग.

२००२ आणि २००६ च्या या दोन सामन्यांबद्दल आम्ही पदव्युत्तर वर्गात सहज विचारले. क्रिकेट कोळून प्यालेल्या मुलांनाही सांगता आले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. ते सामने त्यांच्यापर्यंत पोहोचावेत अशी वाटच कोणी बांधलेली नव्हती.

याच मैदानावर २९ जून २०१७ रोजी विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्ध स्मृती मानधनाने नाबाद १०६ धावा केल्या. ही माधवनगरची, म्हणजे सांगलीची मुलगी. विजय हजारे यांचे जन्मगाव सांगली असल्यामुळे आमच्याकडे क्रिकेटचा अभिमान पूर्वीपासूनचा, पण तो पुरुषांपुरता राखून ठेवलेला असे. त्या जूनमध्ये तो पहिल्यांदा बाईच्या नावाने बोलला गेला. पुढे २३ जुलैला लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. २२९ धावांचे लक्ष्य होते. स्मृती शून्यावर त्रिफळाचीत झाली, गोलंदाज होती आन्या श्रबसोल. श्रबसोलने ४६ धावांत सहा बळी घेतले आणि भारत नऊ धावांनी हरला. इंग्लंडची कर्णधार अर्थातच हेदर नाइट.

आणि एका वर्षाने स्मृती मानधना, हेदर नाइट आणि आन्या श्रबसोल या तिघी एकाच रंगाच्या कपड्यांत टॉन्टनच्या मैदानावर उतरल्या. संघ होता वेस्टर्न स्टॉर्म. राष्ट्राराष्ट्रांतील सामन्यात ज्या एकमेकींच्या समोर उभ्या राहिल्या त्यांना एका दिशेने एकत्र आणले. प्रादेशिक संघाचे हे सामर्थ्य आम्हांला मोठे वाटते. राष्ट्राचा संघ तुम्हांला जन्माने मिळतो. अशा संघात माणूस पाहुणा म्हणून येतो आणि घरचा होतो.

२०१८ च्या मोसमात प्रत्येक संघाचे साखळी सामने पाचांवरून दहा झाले होते, त्यामुळे आम्हांलाही जागरणे दुपटीने करावी लागली. जुलैच्या २९ तारखेला टॉन्टनमध्ये पाऊस होता. लफबरोविरुद्धचा सामना कापून सहा-सहा षटकांचा करण्यात आला. सहा षटके म्हणजे छत्तीस चेंडू. त्यांतील १९ चेंडू स्मृतीच्या वाट्याला आले आणि तिने नाबाद ५२ धावा केल्या. अर्धशतक १८ चेंडूंत पुरे झाले. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनच्या विक्रमाशी तिने बरोबरी केली आणि ही डिव्हाइन त्याच क्षणी प्रतिपक्षाकडून मैदानात उभी होती. नंतर तीही फलंदाजीला आली, तिनेही टोलेबाजी केली, पण स्टॉर्म जिंकला. आम्ही हे चित्रित पाहिले नाही. फोनच्या पडद्यावर आकडे बदलत होते तेवढेच पाहिले. आमच्यापैकी जी सांगलीची, तिच्या आईने झोपेतून उठून विचारले, “झालं का गं आपल्या पोरीचं पन्नास?” ‘आपली पोरगी’ हे ठीकच होते. पण पुढचा प्रश्न आला तो असा: “मग आपण जिंकलो का?” हे ‘आपण’ म्हणजे सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशायर! भूगोलाच्या पुस्तकातही ज्यांच्याशी आमचा संबंध आला नव्हता ते परगणे त्या रात्री सर्वनामात आले.

त्यानंतर ३ ऑगस्टला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर स्मृतीने ६१ चेंडूंत १०२ केल्या. मोसमाच्या शेवटी तिच्या ४२१ धावा झाल्या होत्या आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला मिळाला. संघ मात्र उपान्त्य सामन्यात सरे स्टार्सकडून हरला. २०१९ मध्ये दीप्ती शर्माही या संघात आली. त्या वर्षी १ सप्टेंबरला पुन्हा होव्ह, पुन्हा व्हायपर्स. हेदर नाइटच्या नाबाद ७८ धावांच्या जोरावर स्टॉर्मने १७३ धावांचे लक्ष्य पार केले. दोनदा चषक जिंकणारा हा त्या स्पर्धेतील एकमेव संघ. आणि ‘एकमेव’ हा शब्द आता कायमचा, कारण तो त्या स्पर्धेचाच शेवटचा सामना होता. पुढच्या वर्षापासून शंभर चेंडूंची नवी स्पर्धा येणार, तीसाठी ही चालती स्पर्धा आवरायची, हे आधीच ठरलेले होते. मुली जिंकत होत्या तेव्हा खालची जमीन विकली गेलेली होती.

येथे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना रस वाटेल असा एक प्रश्न उपस्थित होतो. २०२० मध्ये मंडळाने देशाचे आठ विभाग पाडून आठ नवे प्रादेशिक संघ केले. पश्चिमेच्या विभागात आता वेल्सही आला. कर्णधार बदलली, सोफी लफ झाली. वीस षटकांच्या जोडीला पन्नास षटकांचे क्रिकेट आले. परदेशी खेळाडूंची वर्दळ थांबल्यासारखी झाली. नाव मात्र वेस्टर्न स्टॉर्म हेच राहिले. मग हा तोच संघ की दुसरा? ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, तरी आपण तिला ज्ञानेश्वरीच म्हणतो. शीर्षक टिकले की परंपरा टिकली असे आपण धरून चालतो, आणि बहुधा ते बरोबरच असते. आम्ही या दुसऱ्या स्टॉर्मला पहिल्याची दुसरी आवृत्ती मानतो. सोफी लफ ही सॉमरसेटचीच मुलगी, २०१६ पासून अखेरपर्यंत या संघात होती. तिच्यासारखी एक व्यक्ती सातत्याने असली की आवृत्त्यांमधले अंतर भरून निघते.

ही दुसरी आवृत्ती तितकीशी यशस्वी झाली नाही. पाच वर्षांत एकही चषक नाही. शंभर चेंडूंच्या स्पर्धेत पश्चिमेचा वाटा कार्डिफच्या वेल्श फायर या संघाकडे गेला. तरीही आमच्या मते स्त्री-क्रिकेटच्या इतिहासात या पाच वर्षांचे मोल त्या दोन चषकांहून अधिक आहे. कारण पगार. २०२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ४१ देशांतर्गत खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळाले. राष्ट्रीय संघाच्या बाहेर राहूनही बाईला केवळ खेळून पोट भरता येईल, अशी सोय त्या देशात प्रथमच झाली. त्यापूर्वी शाळेत शिकवून, दुकानात उभे राहून, सुट्टी टाकून खेळायचे. ज्या मुलीने कधी इंग्लंडची टोपी घातली नाही तिला महिन्याचे वेतन मिळू लागले, यापुढे चषकाची चर्चा आम्हांला गौण वाटते.

आता शेवटाकडे. २०२४ च्या एप्रिलमध्ये मंडळाने जाहीर केले की आठ प्रादेशिक संघ बंद होतील आणि २०२५ पासून आठ काउंट्या आपापले पूर्ण व्यावसायिक स्त्री-संघ चालवतील. पश्चिमेतून निवड झाली सॉमरसेटची. ग्लॉस्टरशायर या पहिल्या श्रेणीत आले नाही. वेल्समधील ग्लॅमॉर्गनसाठी २०२७ साल मुक्रर करण्यात आले. तीन पालकांच्या लेकराचा ताबा एकाकडे गेला. मिडलंड्समधील ‘द ब्लेझ’ने नव्या व्यवस्थेतही आपले नाव राखले. स्टॉर्मला ते राखता आले नाही. त्या जागी सॉमरसेट आले.

हा निर्णय आम्ही वाचला तेव्हा आमच्या मनात पहिल्याने आले ते तांदळाचे ताट. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीने नव्या नवरीचे नाव लिहितो. आडनाव बदलते ते वेगळेच, पण पाळण्यात मिळालेले नावही पुसले जाते. घराण्यात येतेस, छप्पर मिळेल, मान मिळेल, वाटणीत वाटा मिळेल, फक्त नाव घराण्याचे घे. कोणी दुष्टपणाने असे म्हणत नाही. सर्वजण नटलेले असतात, सनई वाजत असते, आणि मुलीचे कल्याणच होत असते. आमच्या आयांची माहेरची नावे आम्हांला त्यांच्या मैत्रिणींच्या तोंडून कळली. कागदोपत्री ती बाई लग्नाच्या दिवशीच जन्मली.

सॉमरसेट हे घराणे मोठे आहे. काउंटी क्लबची स्थापना १८७५ सालची, व्हिव्ह रिचर्ड्स आणि इयान बोथम तेथले. स्त्रियांना आता त्या मैदानाचा, त्या व्यायामशाळेचा, त्या हिशेबवहीचा हक्काचा वाटा मिळाला. पण तेथील प्रेक्षकाला ‘सॉमरसेटचा इतिहास’ विचारा. तो पुरुषांच्या एकशेपन्नास वर्षांचा असणार आणि त्यात बायकांचे प्रकरण अगदी शेवटी, नव्याने जोडलेले. वेस्टर्न स्टॉर्म या नावाखाली मात्र इतिहास अथपासून इतिपर्यंत बायकांचाच होता. लहान होता, नऊ वर्षांचा होता, पण त्यात त्या ‘नंतर आलेल्या’ नव्हत्या.

खोलात गेले तर हाच व्यवहार अनेकदा झालेला दिसतो. १९२६ ची ती विमेन्स क्रिकेट असोसिएशन १९९८ मध्ये इंग्लंडच्या मंडळात विलीन झाली. आपल्याकडे भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. दुसऱ्या वर्षी कानपूरला विभागीय संघांसाठी राणी झाशी करंडक सुरू झाला. करंडकाला राजाचे वा महाराजाचे नाव देण्याचा प्रघात सोडून त्या बायकांनी राणीचे नाव दिले, हे लक्षात घ्यावे. ही संघटना नोव्हेंबर २००६ मध्ये नियामक मंडळात विलीन झाली. म्हणजे टॉन्टनचा तो ऑगस्टमधला विजय हा जुन्या संघटनेच्या घरातील अखेरची कसोटी ठरला. पुढची कसोटी भारतीय स्त्रियांना मिळाली ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडमधील वॉर्म्सली येथे. मधली आठ वर्षे एकही नाही. त्या सामन्यात भारताच्या अकरांपैकी आठजणी कसोटी प्रथमच खेळत होत्या, स्मृती मानधना त्यांतलीच एक. जिंकल्या तरीही.

या आठ वर्षांबद्दल राग धरावा की त्यापुढच्या काळाबद्दल आनंद मानावा? ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन समान झाले. २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, आणि त्याआधी उपान्त्य सामन्यात त्याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. आमच्या शेजारणीही त्या रात्री टीव्हीपुढून हलल्या नाहीत. जुन्या संघटनेच्या तुटपुंज्या पैशांत यातले काही शक्य नव्हते. तेव्हा आरक्षणाशिवाय रेल्वेने जायचे आणि मिळेल त्या जमिनीवर पथारी टाकायची. त्या हलाखीची थोरवी गाणे आम्हांला पटत नाही. ज्यांना तसे राहावे लागले नाही त्यांनीच बहुधा ते गावे. (ही जेमिमाही इंग्लंडच्या त्याच स्पर्धेत २०१९ मध्ये यॉर्कशायर डायमंड्सकडून खेळली आणि तिने शतक ठोकले. तेही नाव आता नाही.)

आमची तक्रार विलीनीकरणाशी नाही, त्यातल्या कारकुनीशी आहे. घर बदलताना पेट्या कोणी भरल्या, आणि कोणत्या पेट्या नेण्यालायक नाहीत हे कोणी ठरवले?

हा प्रश्न आम्ही तटस्थपणे विचारत नाही, हे सांगितलेले बरे. आमच्यापैकी जी यष्टिरक्षण करीत असे तिच्या महाविद्यालयात नव्वदीच्या अखेरीस तीन वर्षे मुलींचा क्रिकेट संघ होता. मुलांचा सराव साडेपाचला संपे, त्यानंतर उजेड असेल तेवढा वेळ मॅटिंग मुलींचे. पॅड मुलांचे, मांडीपर्यंत येणारे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत हा संघ एकदा दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. या तीन वर्षांचा लिखित पुरावा म्हणजे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातील एक वाक्य: “मुलींच्या क्रिकेट संघानेही सहभाग घेतला.” व्याकरण शिकवताना शुद्ध शब्दयोगी अव्यये आली की आम्हांला हे वाक्य आठवते. च, ही, देखील, सुद्धा. विभक्तीला धक्का न लावता शब्दाची जागा दाखवून देणारी ही चिमुकली अव्यये. एवढासा ‘ही’, पण त्या अकराजणींना त्याने दाराबाहेरच्या पायरीवर बसवले.

आणि दुसरे असे. काही वर्षांपूर्वी आमचा मराठी विभाग ‘भाषा विभाग’ नावाच्या एका मोठ्या विभागात विलीन झाला. फायदे पुष्कळ झाले. संगणक आला, प्रक्षेपक आला, तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याचे मानधन वेळेवर निघू लागले. खोली बदलताना जुन्या कपाटातील वाङ्मय मंडळाच्या नोंदवह्या मात्र रद्दीत गेल्या. त्यांत कोणत्या वर्षी कोणती विद्यार्थिनी अध्यक्ष होती, कोणी कोणता निबंध वाचला, चहाला किती खर्च आला, असे सारे मांडलेले होते. कोणी द्वेषाने टाकल्या नाहीत. नव्या विभागाची दप्तरे जेथून सुरू होतात त्याआधीचे ते होते, एवढेच. आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले, “मॅडम, आता तो विभागच नाही ना.” वाक्य तर्काला धरून होते.

म्हणून टॉन्टनकडे आमचे लक्ष आता वेगळ्या कारणाने लागलेले असते. २०२५ च्या मोसमात सॉमरसेटच्या स्त्री-संघाचे नेतृत्व सोफी लफनेच केले. हेदर नाइटही त्याच संघात आली. मैदान तेच, खेळपट्टी तीच, पुष्कळशा चेहऱ्यांतही बदल नाही. स्मृतीचे ते १९ चेंडूंतील ५२ कोणाच्या खात्यात लिहायचे हा प्रश्न मात्र उरतो. सॉमरसेटच्या विक्रमांत ते बसत नाहीत, कारण ती सॉमरसेटकडून खेळली नाही. ग्लॉस्टरशायरच्या वहीत तर नाहीच. एक्सेटर विद्यापीठाने ते कशाला जपावे? ते फक्त वेस्टर्न स्टॉर्मचे आहेत.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मागील वर्षी एका मुलीने ‘प्रादेशिक साहित्य’ या पत्रिकेच्या प्रकल्पासाठी विषय मागितला, तेव्हा आम्ही तिला सुचवले की तुझ्या तालुक्यात मुलींचा एखादा खेळाचा संघ होऊन मोडला असेल तर त्याची हकीकत लिही, खोखोचा असो, कबड्डीचा असो. विषय साहित्याचा नाही, अशी हरकत विभागाकडून येईल हे गृहीत होते, ती आली, आणि आम्ही तिला तोंड दिले. मुलगी दोन महिने हिंडली. तिला नऊ बाया सापडल्या. आठजणींनी सांगितले की तिच्या हाती असलेल्या जुन्या यादीतले नाव त्यांचे नाही, ती दुसरीच कोणी असेल. मग एकेकीला आठवत गेले की ते आपले लग्नापूर्वीचे नाव.

प्रकल्पात दोन्ही नावे द्यायची का, असे तिने विचारले आहे. आम्ही आधी माहेरचे आणि मग कंसात सासरचे असा क्रम सांगितला आहे. खेळल्या तेव्हा त्यांचे नाव तेच होते.